मॉनिटरचं कपाळ

दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ. शेलूबाजार.

दुकानातला मॉनिटर सकाळपासून चालूच होईना. बटण कितीदा दाबलं, साधा दिवाही लागला नाही. दाखल्यांसाठी आलेली माणसं परत गेली. वायर बदलली, दुसऱ्या बोर्डात लावून पाहिली. सासूबाई दारातून तीनदा विचारून गेल्या, "काहून बंद पडला व पोरी?" तिसऱ्यांदा मी खेकसलेच, "मले काय माहीत!" नको होतं तसं बोलायला.

मागचं झाकण उघडलं. आत सगळं धड. मग पुन्हा त्या बटणाकडे नीट पाहिलं, तर ते पुरतं आत जातच नव्हतं. फटीत कुंकू वाळून घट्ट बसलेलं. काल यंत्राची पूजा सासूबाईंनीच केली होती. बटणालाच कपाळ समजल्या की काय? जुन्या ब्रशनं सगळं खरवडून काढलं आणि पडदा उजळला.

त्यांना सांगावं का? वर्षभर हळहळत बसल्या असत्या. "वायर ढिली होती," एवढंच म्हटलं.

"बरं झालं व माय!" म्हणत त्या घरात गेल्या आणि बोटावर ओलं कुंकू घेऊन आल्या. बोट थेट बटणाकडेच.

मी त्यांचं मनगट धरलं, हळूच मॉनिटरच्या वरच्या काठाच्या मधोमध नेलं. म्हटलं, "आई, याचं कपाळ इथं हाय."