करंजाखाली न मेलेली रोपं

सर,

जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. मी भोकरदनला नववीत असताना तुम्ही हसनाबादच्या बाजूला ओढ्याकाठच्या झाडीत, एका मोठ्या करंजाखालच्या रोपांना लाल दोरे बांधले.
२. दर महिन्याला मी उंची मोजून तुमच्या वहीत लिहायचे. वर्षभरात एकही रोप मेलं नाही, असं वही सांगते.
३. तुम्ही वारल्यावर तुमच्या घरच्यांनी ती वही मला दिली.
४. आता मी त्याच करंजाखाली पत्र्याचे क्रमांक लावून नवी रोपं मोजते. बहुतेक सगळी एका पावसाळ्यात मरतात.
५. तुमच्या वहीवर माझा विश्वास नाही.

मोठ्या झाडाखालच्या मातीत त्याच झाडावर जगणारी बुरशी साठत जाते. ती त्याच्याच कोवळ्या रोपांना मातीलगत धरते. देठ काळं पडतं, रोप आडवं होतं. शेजारी रुजलेल्या पळसाला तिचा उपद्रव नसतो. म्हणून करंजाखाली करंजांचीच गर्दी होत नाही आणि झाडीत दुसऱ्या जातींना जागा मिळते. मी यावर प्रबंध लिहिते आहे. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात, तुमची वही खरी असेल तर ही बुरशी इथे मधल्या काळात आली, आणि प्रबंधातला सर्वांत मोठा निष्कर्ष तोच ठरेल. प्रकरण लिहून तयार आहे. मीच ते अडवून बसले आहे.

गेल्या आठवड्यात मी रोपं मोजत असताना वस्तीवरच्या एक म्हाताऱ्या मावशी आल्या. करंजाच्या बुंध्याशी साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड आहेत, तिथे त्या दिवा लावतात. माझे पत्रे बघून म्हणाल्या, "म्हशीच्या कानातले बिल्ले रोपायला लावून राह्यली का ग बाई?" मग त्यांना तुमचे दोरे आठवले. वस्तीतल्या बायकांना ते आसरांच्या नवसाचे वाटले होते. प्रत्येकीने एकेक रोप आपलं मानलं होतं, कोणी मुलीच्या लग्नासाठी, कोणी नवऱ्याची दारू सुटावी म्हणून.

"अन् रोप मेलं तर?" मी विचारलं.

"नवसाचं मरून कसं चालंल? मंग आम्ही वढ्याच्या पल्याडून दुसरं आणून लावायचो. धागा तोच."

पल्याड मोठा करंज नाही, म्हणून तिथली रोपं जगतात. एवढं त्यांना माझ्या आधी माहीत होतं. मी विचारलं, सरांना ठाऊक होतं का. त्यांनी दिव्याची काजळी पुसली, वात सारखी केली आणि सहज सांगितलं, "सरांनी बघितलं की एकदा. हसले. म्हनले, बराबर खोल लावा."

खोलीवर येऊन मी वही उघडली. सात नंबरचं रोप एका महिन्यात दोन बोटं आखूड झालेलं आहे. अक्षर माझं आहे. तो दिवस दिसतो: नववीतली मी गुडघ्यांवर बसले आहे, हातात लाकडी पट्टी, आणि तुम्हाला सांगते आहे की सर, हे रोप लहान झालं. तुम्ही चष्मा पुसता. "रोपं लहान होत नसतात. नीट मोज." बाकीची मुलं हसतात. पुढच्या महिन्यात तुम्ही मला तुमची स्टीलची टेप देऊन टाकली. इतकी वर्षं मी ती शाबासकी समजत आले. आता वाटतं, तो गप्प राहण्याचा मोबदला होता का?

त्या वर्षी या वहीवरून केलेला आपला तक्ता जालन्याला विज्ञान प्रदर्शनात गेला. सगळी रोपं जगली म्हणून तुमचं कौतुक झालं. तुम्ही बोलला नाहीत ते बायकांचा नवस मोडू नये म्हणून, की तक्ता मोडू नये म्हणून? तुम्ही दयाळू होता हे मला माहीत आहे. तेवढ्यावर मी आकडे मान्य करू शकत नाही.

एक गोष्ट मी मॅडमना सांगितलेली नाही. तुम्ही रागावलात त्यानंतर जे जे रोप आखूड भरलं, तिथे मी मागच्या महिन्याच्या उंचीत थोडी भर घालून आकडा लिहिला. वहीत आखूड झालेलं रोप एकच सापडतं, ते त्यामुळे. तेव्हा मला वाटायचं, चूक माझ्या हाताची आहे. पण दोन-तीनदा रोपाच्या बुडाची माती ताजी उकरलेली होती, ती मी पाहिली होती, आणि तुम्हाला विचारलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. सोमवारी मला मॅडमना सांगायचं आहे की वही वापरता येणार नाही, आणि का ते. तुमचं आधी सांगू की माझं, हे रविवारपर्यंत कळवावं.