तिरल्याच्या वणव्याचं गणित

धार, चैत्र, १९५५

तीर्थस्वरूप नारायणमामांच्या चरणी भास्करचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता वाकतो का? सुभद्रामामी तो शेकत असतील आणि आपण त्यातही शाळेच्या वह्या तपासत असाल, हे मला इथूनही दिसतं. इकडे मी खुशाल आहे. जंगलही खुशाल आहे (बहुतेक).

अमेरिकेत निघालेलं जे नवं गणित आपण दिवाळीत शिकवलंत, ते मी आमच्या जंगलखात्याच्या साहेबांपुढे मांडलं. माणसं आठ, पाण्याची बैलगाडी एक, नाके तीन. कुठे किती ठेवली म्हणजे वणवा लवकरात लवकर विझेल? साहेब म्हणाले, हा उन्हाळा निभावला तर नोकरी कायम, नाहीतर देवासला जाऊन मामांसारख्या शिकवण्या कर. (शिकवण्यांबद्दल मला आदर आहे, पण मुलींचे बाप कायम नोकरीच विचारतात.) आकडेमोड केली आणि उत्तर आलं: आठही माणसं आणि गाडी तिरल्याच्या नाक्यावर, बाकी दोन्हीकडे शून्य. मांडूच्या घाटातला नाकाही मोकळा! पहारेकऱ्यांचा मुकादम विठोबा डोकं खाजवत म्हणाला, “भिया, आठ जणा एकज जगे बैठी ने कंई करांगा?” आठ जणांनी एकाच जागी बसून करायचं काय, या प्रश्नाला गणितात जागा नव्हती.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. माळव्यातली रिकामी माणसं निखाऱ्यावर कणकेच्या बाट्या लावतात. रविवारी गोवऱ्या पेटल्या, डाळ चढली, आणि वाऱ्यानं एक निखारा सागाच्या पाचोळ्यात नेऊन टाकला. मामा, आग भडकली तसा मी ओरडत धावलो. पण माणसं आठही तिथेच, गाडीही तिथेच! हिरव्या फांद्यांनी बडवून, पिंप उपडं करून त्यांनी ती बघता बघता विझवली. (बाट्या वाचल्या, डाळीत राख गेली.) तेवढ्यात साहेबांची जीप आली. इतका झटपट विझलेला वणवा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आग तिरल्यालाच लागणार हे गणितानं आधी ओळखलं, या आनंदात ती लागली कशी हे विचारायचं ते विसरले. मीही आठवण करून दिली नाही, नम्रपणे मान तेवढी खाली घातली.

मामींना नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक भाचा,
भास्कर

ता. क. साहेब उन्हाळा सरायची वाट न पाहता नोकरी कायम करायला निघालेत, पण कागदावर अजून सही व्हायची आहे. त्याआधी साहेबांना माझ्या गुरूंना भेटायचं आहे. सोमवारी आपण यायलाच हवं.

आणखी एक. आपण कधी खोटं बोलत नाही, याचीच मला धास्ती वाटते. त्या दिवशी जेवण विठोबाकडे आहे (चूल ओढ्याच्या वाळूत). आग लागली कशी, असं साहेबांनी विचारलंच तर खोटं बोलू नका मामा, फक्त बाटीचा घास जरा मोठा घ्या.