पिंपळाचं वळण

१४ नोव्हेंबर १९३८, सोमवार

खड्ड्यात. फटफटी माझ्या पायावर, पुढचं चाक अजून फिरतंय, पेट्रोल बाहीवर. वर धुळीचा लोट, आणि त्यातून लांब जाणारा उतारूंच्या सर्व्हिस मोटरचा आवाज. थांबली नाही.

मी डावीकडेच होतो. लिहून ठेवतो, कारण सगळे विचारणार. मंगरूळपीरच्या रस्त्यावर, पिंपळाच्या वळणाला, माझ्या बाजूने, अगदी कडेला. मोटर समोरून आली आणि तिने वळण आतून कापलं. रस्ता सगळा तिचा. मला खड्डा.

कापूस वेचणीच्या बायका धावत आल्या. आधी हसल्या. शेत पार्वताबाईचं. तिनेच गाडी उचलून पाय सोडवला, मडक्यातलं पाणी दिलं.

"लागलं काय जी, डिप्टी साहेब?"

"कोण होता?"

"किसन डायवर. मागं मान करून पाशिंजराशी बोलून राह्यला होता. हासून राह्यला होता."

"मी दिसलो नाही त्याला?"

"समोर पाह्यलं असतं त दिसले असते."

पुढच्या गावच्या शाळेची तपासणी राहिली. पँट फाटली. हँडल वाकडं.

१५ नोव्हें.

मोटर स्टँडवर गेलो. किसन टपावर सामान बांधत होता. मला पाहून खाली उडी.

"साहेब! माय शपथ, तुमी दिसलेच नाही."

"समोर होतो."

"फटफटी नजरेत भरत नाही जी. बैल भरते, बंडी भरते. फटफटी म्हंजे अशी... दिसली त्या टाइमाले तुमी खड्ड्यात होते."

सगळा स्टँड हसला. त्याने चहा मागवला. मी घेतला नाही. "रागावले साहेब," म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

वाईट माणूस नाही. संताप त्याचाच. म्हाताऱ्यांना हात धरून चढवतो, वाटेत कुणाच्या लेकीचा निरोप पोचवतो, गाणी म्हणतो. मोटर चालवताना समोर पाहत नाही, एवढंच.

मोटरमालक गादीवरून म्हणाले, "तुमची फटफटी म्हणजे शौक. माझी मोटर म्हणजे धंदा. शौकाने धंद्याला वाट द्यावी साहेब."

संध्याकाळी मनोहरकडे. त्याने हँडल सरळ करून दिलं. वाशीमात फटफट्या दोनच, माझी आणि त्याची. मी शाळा हिंडतो, तो आजारी गुरं. जनावरांच्या डॉक्टरला बैलगाडीने जाऊन चालत नाही, पोचेपर्यंत बैल मरतो.

"समोरचा प्रत्येक जण आंधळा आहे असं धरून चालवायचं," मनोहर म्हणाला. "मी तसंच चालवतो."

"आपणच का धरायचं?"

"तो धरत नाही म्हणून."

माघात लग्न आहे त्याचं. त्याची आई कारंज्याहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर एकच निरोप पाठवते: लग्नाआधी ती फटफटी विक.

२८ नोव्हें.

कापसाच्या बैलबंड्यांची रांग, त्यात मोटरी. बाजाराचे उतारू आधी कोण उचलतो म्हणून दोन मोटरी एकमेकींच्या अंगावर. आज दोनदा रस्ता सोडावा लागला. दुसऱ्या वेळी मोटरीतल्या एका सभ्य गृहस्थाने मला हात केला. ओळखीचा होता. खड्ड्यातल्या माणसाला हात करतो.

मनोहरचा सल्ला पाळतोय. सगळे आंधळे. असं जगून माणूस कडवट होतो. तो होत नाही.

५ डिसें., सोमवार

मनोहर गेला.

पिंपळाच्या वळणावर. सकाळी. किसनची मोटर. म. गाय अडली म्हणून निघाला होता.

मी पोचलो तेव्हा त्याला बंडीत घातलं होतं. श्वास नव्हता. मग मी रस्ता पाहिला. मुरमावर चाकोऱ्या स्पष्ट होत्या. फटफटीची डाव्या कडेला, गवताला लागून. मोटरीची तिच्यावर. बंड्यांची चाकं फिरून त्या पुसल्या जाण्याआधी मी पाहिल्या. फौजदारालाही दाखवल्या. त्याने मान हलवली.

या वेळी किसन थांबला होता. पिंपळाखाली बसून डोकं धरून रडत होता.

७ डिसें.

कारंजा. सगळं उरकलं.

लोक येतात, बसतात, विचारतात. जोरात होता का हो? हॉर्न दिला होता का? असल्या वाहनावर बसावंच का? डॉक्टर माणसाने टांगा ठेवायचा.

किसनविषयी कुणी काही विचारलं नाही. एकानेही नाही. आंधळ्यासारखं चालवणाऱ्याने काय करायला हवं होतं, हा प्रश्नच कुणाला सुचत नाही. मेलेल्याने काय करायला हवं होतं, हे मात्र सगळ्यांना ठाऊक.

शेवटी म.च्या आईनेही विचारलं. "वामन, खरं सांग. त्याचं चुकलं का रे?"

"नाही."

"नक्की?"

"तो त्याच्या बाजूला होता. मी चाकोरी पाहिली."

त्या म्हणाल्या, "हे सगळ्यांसमोर सांग."

सांगणार. कोर्टात सांगणार. आईंना शब्द दिला.

१३ डिसें.

किसनचा जबाब: वळणावर कुणीतरी स्टेरिंग ओढलं. हाताला ताकदच राहिली नाही. फौजदाराने लिहून घेतलं. लिहिणाऱ्या शिपायाने वर पाहिलं आणि म्हणाला, "हो, ती जागा खराबच हाये."

जागा. दगड, मुरूम, एक पिंपळ. आरोपी तो.

साक्षीदार धड एकच, पार्वताबाई. दोन्ही वेळेला तिथेच होती, दोन्ही वेळेला पाहिलं. मोटरीतले उतारू म्हणतात, आम्ही बोलत होतो. कुणाशी? किसनशी.

२० डिसें.

पिंपळाखाली दगड. उभा, गुडघ्याएवढा. शेंदूर फासलेला, समोर नारळाची करवंटी. शेतात गेलो.

"पार्वताबाई, तो दगड कुणी ठेवला?"

"म्या."

"कशाला?"

"डॉक्टराले. लगन न होता गेला जी. मुंजा झाला तो. त्याले बसाले जागा नोको?" हातातला कापूस ओटीत टाकला. "आमचा ढवळ्या त्यानं वाचवला. रात्रभर बसला होता गोठ्यात. त्याले असाच सोडू काय रस्त्यावर?"

तिच्या डोळ्यांत पाणी. म.वर तिच्याइतकी माया या गावात कुणी केली नसेल.

"तुम्ही पाहिलंत ना, काय झालं ते?"

"पाह्यलं."

"मग कोर्टात सांगाल?"

"सांगीन ना. मले कोनाचं भेव हाये?"

१० जाने. १९३९

मोटरी आता पिंपळाशी हळू होतात. कंडक्टर उतारूंना सांगतो, "हात जोडा, डॉक्टर मुंजा हाये. मोटर धरते." लोक हात जोडतात. एकाने विचारलं, कोण डॉक्टर? कंडक्टर म्हणाला, लय कडक आहे. नाही थांबलं की उलटवतो.

मनोहर. मोटरी उलटवतो. ज्याच्यावरून मोटर गेली तो.

महिनाभरात पुरतं उलटं झालं. आता तो धोका आहे आणि मोटरी बिचाऱ्या. घरी बायकोला सांगताना आवाज चढला. ती म्हणाली, निदान हळू तरी होतात. त्यावर मी जेवणावरून उठलो.

१९ जाने.

कोर्ट. मी चाकोरीचं सांगितलं. किसनच्या वकिलाने विचारलं, आपण मृताचे मित्र? हो. आपणही फटफटी चालवता? हो. बसा.

मग पार्वताबाई. नवं लुगडं नेसून आली होती. सरळ उभी.

"किसन मागं पाहून राह्यला होता. त्याच्या उजव्या अंगाले आला. डॉक्टर आपल्या अंगानं होता. भोंगा बी वाजवला होता डॉक्टरानं. म्या आयकला."

मॅजिस्ट्रेट लिहीत होते. मला वाटलं, झालं. आईंना तार करावी.

वकील हळूच म्हणाला, "बाई, किसनने मान का फिरवली?"

"आपल्या मनानं कोनी फिरवते काय? फिरली. ती जागाच फिरवते. आधीपासून हाये तिथं काहीतरी. ह्या साहेबाले बी तिनंच खड्ड्यात घातलं."

"म्हणजे किसनची चूक नाही?"

"त्याची कायची चूक? लेकरासारखा हाये तो."

वकील खाली बसला. त्याला आणखी काही नको होतं. पुढली तारीख पडली.

बाहेर ती मला म्हणाली, "बरोबर सांगतलं ना जी?"

"पहिलं बरोबर होतं."

"दुसरं बी बरोबरच हाये."

किसन तिला म्हणाला, "चाल मावशी, सोडून देतो." ती त्याच्या मोटरीत बसून गेली.

आईंना काय कळवायचं, सुचत नाही.

२७ जाने.

खटला चालू, किसन गाडीवर. मालक म्हणतात दुसरा ड्रायव्हर मिळत नाही.

आज मी त्याच्या मागे होतो. वळण आलं. मोटर खरंच हळू झाली. मग किसनने दोन्ही हात स्टेरिंगवरून उचलले, जोडले, कपाळाला लावले. डोळेही मिटले असणार. मोटर आपली आपण वळणाच्या आतल्या बाजूला सरकत गेली. बरोब्बर तिथेच. मग त्याने हात खाली घेतले आणि तिला सावरलं.

समोरून कुणी येत नव्हतं.

मी फटफटी थांबवून दगडाकडे पाहिलं.

तो दगड उद्या काढतो, असं ठरवून आलो. मग उद्या तपासणी, परवा तपासणी. पण काढणार. लोहाराकडून पहार आणली आहे.

३ फेब्रु., शुक्रवार

म.च्या लग्नाचा मुहूर्त आजचा होता. मुद्दाम आजच गेलो. पहार फटफटीला बांधून.

वळणावर आई. एकट्या, पिंपळाखाली बसलेल्या. कारंज्याहून मोटरीने आल्या होत्या. दगडाला मुंडावळ्या बांधल्या होत्या. नव्या. आधीच आणून ठेवलेल्या असणार.

"हे कशाला आणलंस?" पहारीकडे पाहून.

"दगड काढायला."

"काढ. मी अडवत नाही." मुंडावळ्या नीट करीत म्हणाल्या, "पण वामन, इथे मोटरी हळू होतात म्हणे त्याच्यामुळे. तूही इथूनच जातोस ना?"

मी कोर्टाचं सांगितलं. सगळं. पार्वताबाईचं पहिलं आणि दुसरं. त्या ऐकत होत्या. तेवढ्यात मोटर. किसन. हळू झाला, हात सोडले, जोडले, डोळे मिटले. मोटर आतल्या बाजूला आली, आईंच्या पदरावर धूळ उडवून गेली. आम्ही दोघं कडेला होतो. त्याने पाहिलं नाही. डोळे मिटलेले होते.

"पाहिलंत?"

"पाहिलं."

त्या उठल्या. चेहरा असा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"काढ तो. पण फेकू नकोस. मोटर जिथे यायला नको, तिथे ठेव."

मी पहार घातली. शेतातून पार्वताबाई ओरडत आली, "हात नोका लावू साहेब! कोपन तो!"

"मी त्याची आई," आई म्हणाल्या.

ती थबकली. आईंकडे पाहिलं, मुंडावळ्यांकडे पाहिलं. मग पदर खोचला.

"कुठं बसवाचं हाये त्याले?"

आईंनी बोट दाखवलं. वळणाच्या ऐन मध्यावर, रस्त्याच्या मधोमध. तिघांनी लोटत नेला. खड्डा मी खणला, मुरूम पार्वताबाईने धोपटला. वरून खालपर्यंत तिच्याकडचा चुना लावला, अंधारात दिसावा म्हणून. शेंदूर तिने पुन्हा लावला.

मला हे मान्य नाही. लिहून ठेवतो. कोर्टाने, फौजदाराने, मालकाने जे करायचं ते एका दगडाने करायचं, आणि तेही म.च्या नावाने भीती घालून. शिवाय अमावास्येला मीच त्यावर आपटायचा.

आईंना कारंज्याला मोटरीने जायचं नव्हतं. बंडीने गेल्या.

४ फेब्रु.

सकाळी वळणाच्या अलीकडे फटफटी बंद करून उभा राहिलो. किसनची मोटर आली. ब्रेक. उतरला, दगडाभोवती फिरून पाहिलं, नमस्कार केला, चढला. डावीकडून गेला. दोन्ही हात स्टेरिंगवर, नजर समोर. मी त्याला दिसलो. त्याने मान लववली.

त्यामागून रस्त्याच्या ओव्हरसियरचे दोन गडी आले. दगड काढायचा हुकूम होता. दोघंही हात लावेनात. एक जण माझ्याकडे आला.

"साहेब, तुमी लिहलेपढलेले. तुमी काढता काय?"

पहार गाडीला बांधलेलीच होती. मी ती सोडली नाही, दगडाच्या डावीकडून निघून गेलो.