टाकीचा भोंगा

४ फेब्रुवारी
आलो एकदाचा! शहर सुटलं, कटकट मिटली. पत्र्याचं टुमदार घर, मागे पिण्याच्या पाण्याची भली मोठी टाकी, आणि शेजारी क्लॅरी. ऐंशीच्या घरातला हा म्हातारा टरबूज घेऊन आला आणि बसायच्या आधी टाकीकडे गेला. बोटांच्या पेरांनी वरून खाली ठोकत आला. टण, टण, टण, मग ठप. ठप आलं तिथवर पाणी, म्हणाला. इथे सगळे असंच बघतात.

८ फेब्रुवारी
आमचा जुना नाद! एक ट्रान्झिस्टर, धुराच्या मोडक्या अलार्ममधला बझर, चौकोनी बॅटरी, सगळं जेवणाच्या डब्यात बसवलं. दोन तांब्याच्या तारा टाकीच्या तोंडातून आत सोडल्या. पाणी त्यांना लागलं की घरात भोंगा. टँकरचं पाणी वाहून जायला नको. तारांसाठी झाकण अर्धं सरकवून ठेवलंय. क्लॅरी म्हणाला, बाबा रे, तारांपुरतं भोक पाड, पण टाकी उघडी टाकू नकोस. पाडतो म्हटलं.

११ फेब्रुवारी
सकाळी टँकर आला. भोंगा चोख वाजला. वापरून पाणी तारांखाली गेलं, तसा गप्प झाला. दुपारी गावच्या शेडमध्ये जमून सुतारकाम करणाऱ्या म्हाताऱ्यांना चहाला बोलावलं. मिरवायला, दुसरं काय. तर ऐन चहात भोंगा आपला आपण सुरू. थांबत, अडखळत, पुन्हा. त्यांच्यातला ट्रेवर म्हणाला, "लायल, पाऊस तुझ्या डोक्यात पडतोय वाटतं." सगळे खो खो हसले. माझे कान तापले. बॅटरी उपटून टाकली.
क्लॅरी चहाला आलाच नाही.

१२ फेब्रुवारी
क्लॅरी बेपत्ता आहे. सगळा गाव झुडपांत शोधतोय. त्याची बायको नोरीन माझ्या ओट्याशी उभी राहून सगळ्यांना चहा करतेय. पाणी माझ्याच नळाचं.

१३ फेब्रुवारी
टाकीच्या शिडीखाली त्याची टोपी. झाकण लावायला चढला असणार. मी वर जाऊन पाहिलं. पाहिलं.
भोंगा वाजत होता तेव्हा तो तारांना धरून — आणि मी चारचौघांत लाज नको म्हणून —
सांगायला हवं. ट्रेवरसमोर कोणत्या तोंडाने सांगू? झाकण लावून टाकलं. टोपी जळणाखाली लपवली. थू माझ्यावर.

१४ फेब्रुवारी
नोरीनने प्यायला पाणी मागितलं.
दिलं. मी दिलं.

१५ फेब्रुवारी
भोंगा वाजतोय. थांबत, अडखळत —
बॅटरी माझ्या खिशात आहे.

संध्याकाळी
नोरीन आलीय. भोंगा बिघडलाय म्हटलं. तेवढ्यात टाकीवर टण, टण — आतून. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, हे आमच्या क्लॅरीचं ठोकणं. धावली. मला हाकही मारवली नाही. खिडकीशी बसून नुसता लिहितोय —
शिडी चढली. झाकण सरकवलं. वाकली.
आता वळून माझ्याकडे बघतेय. टाकीच्या तोंडातून क्लॅरीही. दोघंही बघता—