भैरू पैलवान मोबाइलवर आला तर

पिरनवाडी, रविवार, दिवेलागण

भैरू पैलवानाचे तिन्ही सिनेमे मी थेटरात पाहिले. नात मुक्ताच्या मोबाइलवर कुस्तीचा गेमही खेळतो. भैरू त्या गेममध्ये यावा, असं वर्षभर म्हणत होतो. आज मुक्ता म्हणाली, "आबा, भैरू येणार हाय म्हणं गेममध्ये. पक्कं न्हाय अजून."

आनंद झाला, आणि लगेच घोर लागला. सिनेमात भैरूची पाठ कधी मातीला लागली नाही. इथं तो माझ्या अंगठ्यावर चालणार, आणि अंगठा तर बटणावर थरथरतो. मुक्ताला म्हटलं, माझ्यामुळे तो चितपट झाला तर?

"पडला तर परत उठतोय की, आबा. गेमच हाय त्यो."

"पाठ लागली की कुस्ती संपली गं. तालमीत परत डाव मिळत न्हाय."

ती हसली. मी मात्र चहा पितानाही अंगठाच बघत होतो. शेवटी ठरवलं. भैरूनं यावंच, पण त्याला मुक्तानं खेळवावं. मी समोरचा पैलवान घेतो. माझ्या हरण्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

तिला सांगितलं, तर म्हणाली, "मुद्दाम हरलासा तर मोबाइल द्यायची न्हाय, बघा!"

म्हणजे भैरूशी खरंच लढायचं. आणि चुकून जिंकलो तर?