आग्नेस मावशीचा बियाण्याचा दुधी

४ जाने. ८७, रवि.
सकाळच्या पहिल्या लाँचने बोरिवलीहून गोराई. आग्नेस मावशीच्या वाडीत लाल माठ, मुळा, पातीचा कांदा. ही म्हणते, हेच स्टेशनबाहेर मिळतं, खाडी ओलांडून जायला तुम्ही काय कोलंबस? असेन. पण दवात भिजलेला माठ स्टेशनबाहेर दाखव म्हणावं. प्रेसमधून रिटायर झाल्यापासून सगळे वार सारखेच, फक्त रविवारी अंगात येतं.

११ जाने., रवि.
मावशी मिसाला गेलेली. ती चर्चमध्ये असली की आम्ही नेहमीची माणसं आपल्या हाताने भाजी कापून घेतो, तशी तिची परवानगीच आहे. मांडवावर एकच दुधी, हातभर लांब, मान वाकडी, देठाला लाल चिंधी. आमच्या मालवणात चांगल्या फळाला दृष्ट लागू नये म्हणून अशी चिंधी बांधतात. म्हणजे हाच वाडीतला राजा! कापला. चिंधी सोडून परत वेलाला बांधली, वर स्वतःवरच खूश.
दु. ही विळीवर बसली. "अवो, ह्यो दुधी काय धोंडो?" तिने तासभर झगडून केला. जून होता, पण गोड. दोनदा घेतला.

१८ जाने., रवि.
वाट लागली.
मावशी मांडवाखाली उभी. "भाऊ, चिंधी दिसली नाय तुला?" दिसली म्हटलं, दृष्टीची ना? कपाळावर हात मारून हसली. मग हसू गेलं. ती बियाण्याची खूण. तो दुधी वेलावरच वाळवायचा होता. तिच्या सासूपासूनचं वाण. यंदा खाडीचं पाणी वाडीत शिरलं, त्यातून हा एकच वेल वाचला, त्याला धरलेलं हे एकच फळ. बाकी सगळी फुलं गळली. मी ते खाऊन ढेकर दिला.
ओरडली असती तर बरं. म्हणाली, "जाऊ दे, तुला काय माहीत." वर मुळ्याची जुडी हातात दिली. लाँचमध्ये मान खाली घालून बसलो.
घरी हिला विचारलं, बिया? "कचऱ्यात. आणि हलक्या होत्या, आत दाणोच नव्हतो." म्हणजे ठेवल्या असत्या तरी फोलच.

२१ जाने., बुध.
बोरिवलीचा बाजार पालथा घातला. वसईच्या बायका, दहिसरच्या बायका, सगळ्यांचे दुधी "गावठी, भाऊ, एकदम गावठी!" एकाची मान वाकडी असेल तर शपथ. बियांच्या दुकानात पाकीट मिळालं, वर दुधीचं चित्र, गुबगुबीत. मावशीला हे दाखवायचं म्हणजे जखमेवर मीठ. घेतलं नाही.

२५ जाने., रवि.
झकास! पानाआड एक पिल्लू धरलंय, अंगठ्याएवढं, मानेला बाक. मी ओरडलो, "मावशी, तो बघ!" आणि बोट दाखवलं. फाडकन हातावर चापट. "बोट दाखवतोस? कुजेल ना मेल्या!" विसरलोच. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते चावायचं, हे लहानपणी आईने शिकवलेलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी मांडवाखाली उभं राहून स्वतःचं बोट चावलं. मावशी हसत बसली बांधावर. आठवडाभराचं ओझं उतरलं.

८ फेब्रु., रवि.
वीतभर. हात खिशात घालून पाहिला. मावशीबरोबर विहिरीवरून वीस खेपा. खांदे भरून आले, जेवण दुप्पट. ही म्हणाली, प्रेसमध्ये कधी एवढे दमला नाहीत.

१ मार्च, रवि.
हातभर झाला. पण वेलाची खालची पानं पिवळी पडायला लागलीत. मावशीचा हिशेब सरळ: फळ पिकायच्या आधी वेल वाळला तर बी फोल, आणि वाण संपलं. अजून महिना तरी पाहिजे. मी विचारलं, आणि नाही टिकला तर? "तर पुढच्या वर्षी पाकिटातला लावू. तोंड काय करतोस, तोपण दुधीच ना." असं म्हणाली खरी, पण पाठ फिरवून.
मला वाईट वाटतंय. लपवून काय उपयोग. मीच कापला तो.

१५ मार्च, रवि.
मावशीची लेक चेंबूरला, दिवस भरत आलेत. मावशीला उद्या निघायचंय, तीन आठवडे तरी तिकडेच. मला वाटलं शेजाऱ्याला सांगेल पाण्याचं. चहा देताना म्हणाली, "सकाळी दोन, संध्याकाळी दोन घागरी. मुळाशी नको, जरा लांबून. पान पुसत जा, माव्याची कीड येते." मी म्हटलं, मावशी, मला सांगतेस? हा दुधी माझ्यावर सोडतेस? "मग कोणाला सांगू? तुझ्याएवढा धाक दुसऱ्या कोणाला हाय त्या वेलाचा?"
उठून घागरी कुठे ते पाहून आलो. चहा गार झाला.
घरी हिला सांगितलं, उद्यापासून रोज, पहिली लाँच, संध्याकाळीच परत. म्हटलं आता तोफ सुटणार. तर ही डबा घासायला बसली. "भाकरी दोन की तीन?"
वाडीतून निघताना दुधीच्या सालीवर हलकेच नख दाबून पाहिलं होतं. अजून आत जातंय, म्हणजे पिकायला वेळ आहे.