सागवानी हात

आप्पा, तुम्ही केलेला सागवानी हात घेऊन मी काल एका मंगल कार्यालयात गेले होते. लग्नाला नाही. लहानपणी माझ्याकडे तो रोबो होता, आठवतो? हातपाय दुमडले की त्याची जीप व्हायची. तसल्या रोबोंच्या शौकिनांचं पहिलंवहिलं संमेलन आपल्या कोल्हापुरात भरलं होतं. हसू नका. टक्कल पडलेले, पोट सुटलेले बाप्ये आपापले रोबो रुमालात गुंडाळून लांबलांबून आले होते. नारळ फुटला, अध्यक्षांना फेटा बांधला, आणि भाषणं सुरू व्हायच्या आत निम्मी मंडळी मिसळीच्या रांगेत. प्रत्येकानं टेबलावर आपला रोबो मांडायचा आणि सगळ्यांसमोर त्याची जीप करून दाखवायची, असा नियम होता. माझी पंचाईत तिथंच होती. त्या हाताबद्दल तुम्ही होतात तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली, त्यासाठीच हे लिहायला बसलेय. पण ती एकदम लिहिता येत नाही, म्हणून आधी बाकीचं सांगते.

मी चौथीत आहे. रोबोचा डावा हात खांद्यातून निखळून कुठंतरी पडलाय आणि मी स्वयंपाकघरात भोकाड पसरलंय. आई भाकरी थापता थापता ओरडते, "गप की गं, सोताचा हात मोडल्यागत काय रडतीस!" तुम्ही मात्र कामावरून आल्या आल्या, चहासुद्धा न घेता, रोबो मांडीवर घेता. माझ्या कंपासपेटीतली पट्टी मागता, उजव्या हाताची मापं घेता आणि माझ्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ते पान टर्रकन फाडून नेता. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत तुम्ही लाकडाचे पॅटर्न करायचात. तुमच्या पॅटर्नवरून वाळूत साचा पडायचा, साच्यात लोखंड ओतायचं. तुमचा पॅटर्न कधी माघारी आला नाही, हे आई शेजारपाजारी इतक्यांदा सांगायची की बायकांना पाठ झालं होतं. आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून तुम्ही सागाच्या तुकड्यातून तो हात कोरलात. मूळच्या हाताला नुसती मूठ होती, तुम्ही पाची बोटं काढलीत.

हात खांद्यात बसला, पण जीप करायला गेलं की मिटेना. केसभर लांब होता. "आण हिकडं, पॉलिशपेपर मारतो," तुम्ही म्हणालात. आणि मी, चौथीतली दीडशहाणी, म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमास्नी साधा हात बी करता येत न्हाय. मला नवा रोबो पायजे." आईनं पाठीत धपाटा घातला. तुम्ही तिलाच आवरलंत, "मारू नगंस तिला. चुकलंय खरं माझं." मग पॉलिशपेपरची घडी घालून खिशात ठेवलीत. दिवाळीला नवा रोबो आला. त्याचं पुढं काय झालं ते मला आठवतसुद्धा नाही. जुना मात्र तसाच राहिला, जीप न होणारा. आणि इतकी वर्षं मी ही गोष्ट पाहुण्यारावळ्यांना हसत हसत सांगत आले, की आमच्या आप्पांचा हात आयुष्यात एकदाच चुकला.

काल माझ्या टेबलापाशी एक म्हातारे नातीला घेऊन थांबले. रोबो न विचारताच उचलला, सागवानी हातावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बाई, ह्यो हात कुणी केला?"

"आमच्या वडिलांनी. जरा लांब झालाय."

"पॅटर्नमेकर व्हते काय?"

मी होय म्हटलं. मग त्यांनीच सांगितलं. "त्यांची कामावरची पट्टी येगळी असती की. तिच्यावरचा इंच जरासा मोठा. वतल्यालं लोखंड गार झालं की आकसतंय, म्हणून लाकूड आदीच वाढवून धरायचं. माझं आख्खं आयुष्य त्यातच गेलंय. तुमच्या वडलांनी माप साध्या पट्टीनं घेतलं आसंल आन कापलं कामावरच्या पट्टीनं. हाताची सवय, दुसरं काय! लोखंडात वतला आसता तर नेमका बसला आसता बघा."

आप्पा, माझ्या पट्टीनं मोजलंत आणि तुमच्या पट्टीनं कापलंत, एवढंच झालं होतं. तुमच्या ते तेव्हाच ध्यानात आलं असणार. तरी एक शब्द बोलला नाहीत, चूक पदरात घेतलीत आणि नव्या रोबोसाठी दिवाळीची वाट बघितलीत. मला तुमचा राग आला, खरंच आला. सांगायचं होतंत की!

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ह्याची जीप होत नाही. संयोजक हळहळले, "ताई, वरिजनल हात आसता तर पयला नंबर तुमचाच व्हता." मी मान हलवली आणि घरी आले.

आता राहिलेलं. तो ओरिजिनल हात माझ्या पर्समध्ये होता. काल तो लावायचा म्हणूनच घेऊन गेले होते, नाही लावला. तुम्ही मापं नेलीत त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो मला ज्वारीच्या डब्यामागं सापडला होता. मी तो कंपासपेटीत लपवला, कारण हात सापडला तर नवा रोबो कशाला मिळतोय! तुम्ही रोज संध्याकाळी चपला काढता काढता विचारायचात, "घावला काय गं हात?" मी रोज न्हाय म्हणायचे.

हे पत्र घडी घालून त्याच कंपासपेटीत ठेवतेय. तुमचा हात बरोबर बसला असता ना आप्पा, तरी मी बसत नाही असंच म्हणाले असते.